‘तीन महिन्यांनंतर गोळी बंद’ म्हणणाऱ्यांना एकदा विचारायचंय

पाचवा मणका
परवा इथे एकाने ठणकावून लिहिलं होतं: "कर्करोग नसेल तर तीन महिन्यांच्या पुढे अफूच्या जातीची वेदनाशामकं कुणालाही मिळता कामा नयेत. वर्षानुवर्षं घेणारे रुग्ण नाहीत, व्यसनी आहेत." दोन दिवस गप्प बसले. आता राहवत नाही.

माझ्या कमरेची दोन ऑपरेशनं झालीत. अकरा वर्षं दुखतंय. त्यातली सात वर्षं मी एकाच डोसवर होते, एक मिलिग्रॅमही वाढवला नाही. दुखणं गेलं नव्हतं, दहापैकी आठवरून पाचावर आलं होतं. पाचावर नोकरी होते. मग जुने डॉक्टर निवृत्त झाले. नव्यांनी फाईल पाहिली, आकडा पाहिला आणि पहिल्याच भेटीत डोस अर्धा केला. तीन आठवड्यांनी बंद. "नियम आहे," एवढंच म्हणाले. त्या रात्री नाक वाहायला लागलं, जांभयांवर जांभया, अंगावर काटा, पाय आपोआप झटकत होते. ते दहा दिवसांत ओसरलं. दुखणं मात्र परत आलं ते ठाण मांडून बसलं. मुलीची वेणी घालायला पाच मिनिटं उभं राहवेना. ती जमिनीवर बसायची, मी पलंगावर कुशीवर पडून घालायचे.

आणि तो नियम तरी कुठला? त्यांनी दाखवला तो अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचा २०१६ चा आकडा: दिवसाला ९० मिलिग्रॅम मॉर्फिनच्या बरोबरीचा डोस. त्याच्या वर नेणं टाळा, न्यायचाच तर नीट कारण असू द्या, अशी ती सूचना होती. आधीपासून वर असलेल्यांना सरसकट खाली ओढा, असं त्यात नव्हतं. विमा कंपन्यांनी आणि दवाखान्यांनी त्याची भिंत केली. शेवटी एप्रिल २०१९ मध्ये तिथल्या औषध नियामकाला, एफडीएला, इशारा द्यावा लागला की ही औषधं अचानक तोडली तर असह्य वेदना, मानसिक त्रास, आत्महत्येपर्यंत प्रकरण जातं. २०२२ मध्ये सीडीसीने सूचना सुधारली, तेव्हा ते आकडे शिफारशींमधून काढले. माझा डोस कोण परत देणार?

धाकटा भाऊ
ती पोस्ट माझी. 'व्यसनी' हा शब्द मागे घेणार नाही.

माझा मोठा भाऊ गेला. वडिलांच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर उरलेल्या गोळ्या घरात होत्या, फ्रिजवरच्या डब्यात. त्याची पाठ धरली म्हणून एक घेतली. मग स्वतःचं प्रिस्क्रिप्शन, मग दुसऱ्या डॉक्टरांचं. तो गेल्यावर त्याच्या हिवाळी कोटाच्या अस्तरात रिकाम्या पट्ट्या सापडल्या, नीट घड्या घालून शिवलेल्या. आईने उसवल्या.

तुम्ही २०१६ सांगता, मी १९८० सांगतो. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पाच वाक्यांचं पत्र छापून आलं: इस्पितळात ही औषधं दिलेले ११,८८२ रुग्ण, त्यात व्यसन लागलेले फक्त ४. ते इस्पितळातले होते, घरी वर्षानुवर्षं घेणारे नव्हते. तरी तेच पत्र पुढे शेकडो वेळा पुरावा म्हणून दिलं गेलं. १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन हे याच जातीचं औषध बाजारात आलं आणि व्यसनाचा धोका कमी सांगून विकलं. कंपनीने २००७ मध्ये गुन्हा कबूल केला, २०२० मध्ये पुन्हा. आणि तुम्ही म्हणता गोळी विश्वासाने द्या?

काउंटरमागे
औषधं देणं हाच माझा धंदा, म्हणून लिहितो. खोटी प्रिस्क्रिप्शनं रोज बघतो. तारीख खोडलेली, १० चे ४० केलेले. चुकून दिलं तर परवाना माझा जातो. समोरचा खरा दुखणेकरी आहे की नाही हे काउंटरवरून कळत नाही. ताई, तुमच्याबद्दल वाईट वाटलं, पण औषध तोडल्यावर जे झालं त्याला सवय लागणंच म्हणतात. ते तरी कबूल करा.

पाचवा मणका
नाही करणार. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड महिनोन्महिने घेतलेल्या माणसाचं एकदम तोडलं तर तो कोसळतो. बीपीच्या काही गोळ्या तोडल्या तर बीपी उसळतं. त्यांना कुणी 'सवयीचे' म्हणतं? शरीर औषधावर टेकतं ही एक गोष्ट, आणि औषधासाठी माणूस घरदार विकतो ही दुसरी. आपण दोन्हीला 'सवय' म्हणतो, सगळी गडबड तिथे आहे.

काउंटरमागे
शब्दांचे खेळ आहेत हे.

रात्रपाळी
खेळ नाहीत. मी पेन क्लिनिकमध्ये नर्स आहे. मानसिक आजारांचं निदान ज्या पुस्तकावरून करतात त्या डीएसएम-५ मध्ये (२०१३) स्पष्ट लिहिलंय: डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध घेणाऱ्याला डोस कमी पडू लागला किंवा तोडल्यावर त्रास झाला, तर त्या दोन लक्षणांची व्यसनाच्या निदानात मोजणी करायची नाही. व्यसन ठरतं ते वागण्यावरून. नुकसान दिसत असूनही थांबता न येणं, खोटं बोलणं, कामधाम सुटणं.

नागीणग्रस्त
मला या शब्दाचाच राग आहे. नागीण बरी झाली, फोड वाळले, आग राहिली, चार वर्षं झाली. बरगडीवर सुती सदरा टेकला तरी चटका बसतो. गॅबापेंटिनने दिवसभर गुंगी, अमिट्रिप्टिलिनने तोंड कोरडं. शेवटी ट्रामाडॉल, म्हणजे अफूवर्गीय गोळी, दिली तर धाकटी सून नातवंडांना म्हणाली, "आजोबांना सवय लागलीय." तेव्हापासून मी गोळी बाथरूममध्ये जाऊन घेतो. माझ्याच घरात, चोरासारखी. बाकीच्यांना 'औषध चालू आहे' आणि आम्हाला 'सवय लागलीय'?

धाकटा भाऊ
काका, तुमच्याबद्दल नाही बोलत मी. पण बाथरूममध्ये जाऊन गोळी घेणं मी घरात पाहिलंय. माझ्या भावाचीही सुरुवात तशीच. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. तो खोटं बोलतोय हे आम्हाला कोटाचं अस्तर उसवेपर्यंत कळलं नाही.

नागीणग्रस्त
मी लपवतो ते तुमच्यासारख्यांच्या नजरेमुळे. आधी तुम्ही लपायला लावता, मग लपला म्हणून पकडता!

काउंटरमागे
आवाज चढवून काय होणार? सून चुकली. पण घरच्यांनी काही म्हणायचंच नाही का? व्यसन सगळ्यात आधी घरच्यांना दिसतं.

पाचवा मणका
घरच्यांना दुखणंही दिसतं, दादा. ते बघायची तयारी असली तर.

धाकटा भाऊ
शब्द पुरे. औषध उपयोगी पडतं का, ते बोला. २०१८ च्या 'स्पेस' नावाच्या औषध-चाचणीत पाठदुखीचे आणि गुडघा-खुब्याच्या झिजेचे २४० रुग्ण वर्षभर पाहिले. अफूवर्गीय औषधं घेणाऱ्यांची हालचाल इतर वेदनाशामकं घेणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारली नाही, वेदना उलट किंचित जास्तच होती. यावर काय म्हणणं आहे?

रात्रपाळी
चाचणी खरी आहे. म्हणूनच पाठदुखीच्या नव्या रुग्णाला आमच्याकडे या गोळीने सुरुवात करत नाहीत, आणि ते बरोबर आहे. पण आधीपासून ही औषधं दीर्घकाळ घेणाऱ्यांना त्या चाचणीत घेतलंच नव्हतं. ताई सात वर्षं त्यावर उभ्या होत्या, त्यांच्याबद्दल ती काहीच सांगत नाही. सुरू करावं का आणि चालू असलेलं तोडावं का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

तुम्हालाही सांगते, ताई. सात वर्षांत कुणी तुमची झोपेतली श्वासाची लय तपासली? झोपेची गोळी सोबत आहे का, विचारलं? दोन्ही एकत्र झालं की श्वास मंदावतो. काहींना तर या औषधानेच दुखणं वाढतं, ते डोस हळूहळू उतरवल्यावरच कळतं. एकच डोस चालू ठेवणं म्हणजे काळजी घेणं नव्हे.

पाचवा मणका
नव्हती विचारली. कुणीच नाही. हे मला टोचलं, पण खरं आहे. उतरवायला मी तयार होते, मला फक्त कुणी विचारायला हवं होतं.

काउंटरमागे
बरं, मग उतरवायचं किती? तीन आठवडे चूक, तर बरोबर काय?

रात्रपाळी
वर्षभराहून जास्त घेत असतील तर साधारण महिन्याला दहा टक्के, कधी त्याहून सावकाश. मध्ये थांबायची मुभा. त्रास वाढला तर त्याच पायरीवर राहायचं. आणि घरात नॅलोक्सोन, म्हणजे डोस जास्त झाला तर द्यायचा उतारा, ते कुठे ठेवलंय हे घरच्यांना माहीत हवं.

धाकटा भाऊ
दहा टक्के, थांबायची मुभा, वर तपासणी. असं असेल तर 'तीन महिन्यांनी सगळ्यांचं बंद' हे माझं वाक्य मागे घेतो. नव्याने सुरू करण्याबद्दल मत तेच आहे. आणि फ्रिजवर उघडा डबा ठेवणाऱ्या कुणाच्याही बाजूने मी कधी बोलणार नाही.

पाचवा मणका
माझा डबा लोखंडी कपाटात असायचा. किल्ली नवऱ्याकडे. रोजच्या दोन गोळ्या तो काढून द्यायचा.

धाकटा भाऊ
आमच्याकडे हे कुणी सांगितलं नव्हतं. डिस्चार्जच्या कागदावर टाके कधी काढायचे ते होतं, उरलेल्या गोळ्यांचं काय करायचं ते नव्हतं.

काउंटरमागे
उरलेल्या गोळ्या परत घ्यायची सोय जिथे आहे तिथे द्याव्यात. मीही हे प्रत्येकाला सांगत नाही, गर्दी असते. उद्यापासून पाकिटावर लिहून देईन.

नागीणग्रस्त
आणि 'सवय' हा शब्द?

काउंटरमागे
काका, तो मी वापरणार नाही. सुनेचं तुम्ही बघा.