हवा स्वच्छ करायचा आणि कार्बन कमी करायचा, राज्याने आराखडा एकच करावा की दोन?

निळंआकाश:
मंडळी, बरेच दिवस एक प्रश्न डोक्यात घोळतोय. राज्य सरकारं हवेच्या प्रदूषणाचा आराखडा एका खात्याकडून करून घेतात आणि हरितगृह वायूंचा दुसऱ्याच खात्याकडून, आणि दोघांची आकडेवारीसुद्धा बऱ्याचदा जुळत नाही. धूर एकाच चिमणीतून येतो ना, मग कागद दोन का? मी पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करतेय, प्रोजेक्ट यावरच घ्यायचा विचार आहे. एकच आराखडा केला तर खरंच फायदा होतो, की सरमिसळ होऊन दोन्हीकडे बोंब? असे आराखडे ज्यांनी जवळून पाहिलेत त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

जुनाइंजिनिअर:
फायदा होतो, पण आपोआप नाही. कोळशाचं वीजकेंद्र बंद केलं तर कार्बन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनचे ऑक्साइड, राख सगळंच थांबतं, तिथे वादच नाही. आता तेच केंद्र चालू ठेवून त्याला गंधक पकडणारी एफजीडी यंत्रणा बसवली तर काय होतं बघा, सल्फर डायऑक्साइड ९० टक्क्यांच्या आसपास कमी होऊ शकतो, पण चुनखडीशी अभिक्रिया होताना थोडा कार्बन डायऑक्साइड नव्याने सुटतो आणि पंप-पंखे चालवायला केंद्राचीच वीज जाते ती वेगळी. म्हणून ती बसवू नये असं अजिबात नाही, सल्फर डायऑक्साइडपासून हवेत बारीक सल्फेट कण तयार होतात आणि ते थेट फुफ्फुसात जातात. पण हवेच्या आराखड्यात ही यंत्रणा हिरो आणि कार्बनच्या आराखड्यात किंचित तोटा, हे दोन्ही एकाच पानावर दिसायला हवं.

लाकूड आणि पालापाचोळा जाळण्याचं बरोबर उलटं. कार्बनच्या हिशेबात ते बऱ्याचदा शून्य धरतात, पण धुरातल्या पीएम २.५ चं, म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कणांचं काय? डिझेल गाड्यांचंही तेच, लिटरमागे जास्त किलोमीटर देतात म्हणून युरोपने त्यांना वर्षानुवर्षं करात सवलती दिल्या आणि शहरांमधला नायट्रोजन डायऑक्साइड डोकेदुखी होऊन बसला. दोन खाती एकमेकांशी न बोलता काम करतात तेव्हा असंच होतं. माझं मत विचाराल तर उत्सर्जनाची यादी एकच असावी, प्रत्येक उपायापुढे रकाने दोन असावेत, आणि उद्दिष्टं मात्र वेगळीच ठेवावीत.

अवकाळी:
उद्दिष्टं वेगळी ठेवा याला +१, आणि त्याचं कारणही लिहायला हवं. कार्बन डायऑक्साइड राज्यात कुठेही कमी करा, वातावरणाच्या दृष्टीने सारखाच, पण काजळी आणि सूक्ष्म कण ज्याच्या घराशेजारी सुटतात तोच खोकतो. कॅलिफोर्नियाचं घ्या. २००६ च्या कायद्याने २०२० पर्यंत उत्सर्जन १९९० च्या पातळीवर आणायचं ठरलं आणि ते २०१६ मध्येच साधलं, हे मोठंच काम आहे. पण २०१३ पासून उत्सर्जन करायच्या परवान्यांची खरेदी-विक्री सुरू झाली, त्यात रिफायनरी परवाने विकत घेऊन आपलं उत्सर्जन तसंच चालू ठेवू शकते, मग राज्याचा एकूण आकडा उतरला तरी तिच्या शेजारच्या वस्तीला काय मिळालं? लोकांनी हा मुद्दा लावून धरला आणि २०१७ मध्ये वस्त्यांच्या पातळीवर हवा मोजण्यासाठी, सुधारण्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. गरीब वस्त्यांचा विचार नंतर जोडायची वेळ का यावी, पहिल्याच मसुद्यात हवा तो.

निळंआकाश:
@अवकाळी हे फार महत्त्वाचं आहे, थँक्यू. मग खरेदी-विक्रीची पद्धत हवेच्या प्रदूषणाला चालतच नाही असं म्हणायचं का?

जुनाइंजिनिअर:
चालते की, सुरत बघा. गुजरातच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१९ मध्ये तिथे चिमणीतून सुटणाऱ्या कणांसाठीच परवान्यांचा बाजार सुरू केला, अशा प्रकारचा जगातला पहिला. बहुतेक कारखाने कापड उद्योगातले. चिमणीत सतत मोजणारी यंत्रं बसवली, एकूण कणांवर कमाल मर्यादा घातली, आणि ज्याने वाटणीपेक्षा जास्त सोडले त्याने परवाने विकत घ्यायचे नाहीतर दंड भरायचा. जुन्याच नियमांखाली ठेवलेल्या कारखान्यांशी तुलना केली तेव्हा बाजारातल्यांचं उत्सर्जन २० ते ३० टक्के कमी निघालं. सगळा खेळ मोजमापाचा आहे, यंत्राचा आकडा खात्रीचा नसेल तर हा बाजार एक दिवस चालणार नाही.

फाईलवाचक:
वरचं सगळं पटलं, फक्त एक भर घालतो कारण बहुतेक आराखडे इथेच अडकतात. उपाय लिहिलेला असतो पण तो करायचा कुणी? वाहतूक एकाकडे, वीज दुसऱ्याकडे, कचरा स्थानिक संस्थेकडे, आणि आराखडा लिहिणाऱ्या पर्यावरण खात्याकडे यातल्या कशाचीच किल्ली नसते. अमेरिकेत २०२२ च्या कायद्यातून हरितगृह वायू कमी करण्याचे आराखडे आणि उपाय यांसाठी ५ अब्ज डॉलर ठेवले, त्यातले २५ कोटी नुसत्या नियोजनाला, आणि अनुदान घेतलेल्या राज्यांना १ मार्च २०२४ पर्यंत प्राधान्याचा आराखडा द्यायचा होता. त्यात उत्सर्जनाची यादी आणि प्रत्येक उपायाने किती घट होईल हे तर हवंच होतं, शिवाय तो उपाय अमलात आणायचा कायदेशीर अधिकार कुणाकडे आहे तेही लिहायचं होतं. मला ही अट सगळ्यात मोलाची वाटते.

आणि कचराभूमीतला मिथेन यादीतून सोडू नका. २० वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या ८० पट तापवतो आणि जमिनीलगतचा ओझोनही त्याच्यामुळे वाढतो, म्हणजे दोन्ही रकान्यात फायदाच. प्रोजेक्टसाठी एखाद्या राज्याचे दोन्ही आराखडे शेजारी शेजारी ठेवा, कचऱ्याचं प्रकरण उघडा आणि आधी जबाबदार खात्याचं नाव दोन्हीत एकच आहे का तेवढं बघा.