मोठ्या भावाला आरटीएमएस सुचवलंय. यावलहून पुण्याला सहा आठवडे कसं जमवायचं, आणि करावं का?

केळीबाग_यावल

नमस्कार मंडळी. माझा मोठा भाऊ, वय ४६, केळीचा शेतकरी. त्याला डिप्रेशन आहे. सुरुवात झोपेपासून झाली. पहाटे तीनला उठून ओट्यावर बसून राहायचा. मग बागेत जाणं सुटलं. पिलं कापणं, घडाला आधार देणं, ठिबकचं पाणी, सगळं आता मी आणि वहिनी बघतो. निसवलेल्या घडाकडे नुसतं बघून रास किती भरेल ते सांगणारा माणूस, आता व्यापाऱ्याचा फोन आला तरी माझ्याकडे देतो. विचारलं तर ‘मले काहीच सुचत नही’ एवढंच.

जळगावच्या डॉक्टरांनी आधी एस्सिटालोप्राम दिलं. पुरेसा डोस, पुरेसे दिवस. फरक नाही. मग वेनलाफॅक्सिन, तेही डोस वाढवत नेलं. झोप जरा बरी झाली, बाकी जैसे थे. गोळ्या चुकवत नाही, वहिनी स्वतः हातावर ठेवते. आता डॉक्टर म्हणतात पुण्याला आरटीएमएस करून घ्या. डोक्याला कॉइल (तारेचं वेटोळं) लावून रोज एक बैठक, आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे.

आई म्हणते डोक्याला शॉक द्यायचा नाही म्हणजे नाही. मामा भगताकडे न्यायचं म्हणतात. चुलतभावाने मोबाइलवर एक हेडसेट दाखवला, घरीच लावायचा, म्हणे तेच आहे. पुढे मृगबागेची लागवड आलीय, दोघे भाऊ गावाबाहेर राहिलो तर बाग कोण बघणार? ज्यांनी केलंय किंवा जवळून बघितलंय त्यांनी कृपया सांगा. घरच्यांना काय समजावू?

जंक्शनचा_माणूस

भाऊ, आईचं ऐका. आमच्या साडूला पूर्वी शॉक दिले होते. माणूस सावरला हे खरं, पण त्या दिवसांतलं बरंच विसरला. मुलीच्या साखरपुड्याचं काही आठवत नाही त्याला. डोक्याशी खेळ नको. दुसरं औषध बघा.

पारोळ्याची_लेक

केळीबागदादा, मी मूळची पारोळ्याची. पुण्यात एका मानसोपचार विभागात हेच मशीन चालवते. डॉक्टर नाही, तंत्रज्ञ आहे. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या सगळ्यात जवळ रोज मीच असते, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी आईंसाठी. जंक्शनच्या काकांनी सांगितलेला उपचार वेगळा, हा वेगळा. तो ईसीटी. त्यात भूल देऊन विजेने मुद्दाम झटका, म्हणजे फिट, आणतात. आरटीएमएसमध्ये भूल नाही, झटका आणायचा नसतो, सुई नाही, भरती व्हावं लागत नाही. कॉइलमधून क्षणभर खूप मोठा प्रवाह जातो, त्याने चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्याची ताकद एमआरआयच्या मशीनइतकी, साधारण दीड-दोन टेस्ला. हे क्षेत्र कवटीतून आरपार जातं आणि खाली दोन-तीन सेंटिमीटरवरच्या पेशींमध्ये बारीकसा प्रवाह निर्माण करतं. तत्त्व फॅरेडेचं, १८३१ चं. मेंदूसाठी ते वापरून दाखवलं इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी, १९८५ मध्ये. डिप्रेशनसाठी अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध-उपकरण नियामक संस्थेने, २००८ मध्ये मान्यता दिली, ओसीडीसाठी (तेच तेच विचार आणि कृती करत राहण्याचा आजार) २०१८ मध्ये.

पहिल्या दिवशी काय होतं ते सांगते, म्हणजे दादा घाबरणार नाहीत. डोक्यावर कापडी टोपी घालतो. नाकाच्या मुळापासून मागच्या उंचवट्यापर्यंत आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत टेपने मोजतो, पेनाने खुणा करतो. मग डाव्या बाजूला हात हलवणारा भाग शोधतो. कॉइल इकडे-तिकडे सरकवत एकेक टिचकी देत जायचं आणि नजर उजव्या हाताच्या अंगठ्यावर ठेवायची. बरोबर जागा मिळाली की अंगठा आपोआप उडतो. पेशंट चमकून हाताकडे बघतात, कारण त्यांनी तो हलवलेला नसतो. किती ताकदीला अंगठा हलतो त्यावरून त्या माणसाची मात्रा ठरते. नेहमीच्या पद्धतीत त्याच्या १२० टक्के. मग कॉइल पुढे कपाळाच्या वरच्या डाव्या भागाकडे नेतो, कारण डिप्रेशनमध्ये तिथलं काम मंदावल्याचं अनेकदा दिसतं. चार सेकंद ठोके, सव्वीस सेकंद विश्रांती, असं साडेसदतीस मिनिटं. आवाज पत्र्याच्या शेडवर गारा पडाव्यात तसा. म्हणून कानात बोळे घालायलाच हवेत. पहिले काही दिवस कातडी दुखते, डोकं दुखतं, भुवई फडफडते. बहुतेकांना आठवड्याभरात सवय होते.

आता खरं काम. मेंदूत किंवा डोक्यात धातूची क्लिप, कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी कानाच्या आत बसवलेलं यंत्र) असेल तर करता येत नाही. पेसमेकर असेल तर आधी सांगायचं. दातातलं सिमेंट, चांदी चालते. कधी फिट आली असेल, डोक्याला मोठा मार लागला असेल, दारू असेल, तर लपवू नका. फिट येण्याचा धोका हजारात एकाहून कमी आहे, पण ती येऊ शकते. आणि आपल्याकडच्या लोकांना मी हे ओरडून सांगते: जागरणाने तो धोका वाढतो. फैजपूरहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने निघायचं, डोळ्याला डोळा लागलेला नसताना सकाळी थेट खुर्चीत बसायचं, हे करू नका. आदल्या दिवशी या, नीट झोपा. झोपेची गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, त्यानेही फिट येऊ शकते.

गुण किती येतो? रोजच्या व्यवहारातल्या पेशंटच्या नोंदी बघितल्या तर साधारण निम्म्यांना ठळक फरक पडतो, एक तृतीयांशांच्या आसपास लोकांची लक्षणं जवळजवळ जातात. पण खोट्या कॉइलशी (दिसायला तशीच, पण उपचार न करणारी) तुलना केली की आकडे खाली येतात. २०१० च्या अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत तीन आठवड्यांनी पूर्ण बरे झालेले खऱ्या कॉइलवाल्यांत १४ टक्के होते, खोट्या कॉइलवाल्यांत ५ टक्के. म्हणजे फरक खरा आहे, हमी नाही. जो कोणी ‘शंभर टक्के’ म्हणून आगाऊ पॅकेजचे पैसे मागेल, तिथून उठा. मला या गोष्टीची फार चीड आहे. लोक सोनं गहाण ठेवून येतात.

दोन औषधं नीट देऊन झाल्यावर तिसऱ्या गोळीने पूर्ण बरं होण्याची शक्यता बरीच घटते, म्हणून तुमच्या डॉक्टरांनी योग्य वेळी योग्य गोष्ट सुचवली आहे असं मला वाटतं. गोळ्या मात्र चालूच राहतील.

जायच्या आधी केंद्राला फोनवर विचारा: मात्रा कोण ठरवतं, दर आठवड्याला डॉक्टर स्वतः तपासतात का, मधे एक दिवस चुकला तर काय करता, थीटा बर्स्ट करता का, सगळे मिळून किती पैसे आणि दर बैठकीला देता येतील का. थीटा बर्स्ट म्हणजे तीन मिनिटांची पद्धत. २०१८ मध्ये कॅनडात ४१४ पेशंटवर तुलना झाली, साडेसदतीस मिनिटांच्या पद्धतीपेक्षा ती कमी ठरली नाही. खुर्चीतला वेळ वाचतो, आठवडे मात्र तेवढेच लागतात.

अमळनेरच्या_मॅडम

मी स्वतः केलंय. शाळेत शिकवते. उन्हाळ्याची सुट्टी धरून केलं, म्हणून रजेचा प्रश्न सुटला. तुम्हीही लागवडीच्या आधी किंवा नंतर गाठा, मधे नको. अर्धवट सोडलं तर पैसेही जातात आणि माणसाचा धीरही.

पहिले दोन आठवडे मला काहीही जाणवलं नाही. मिस्टरांना रोज म्हणायचे, परत जाऊ. नंतर एके दिवशी खोलीवर मी आपणहून कांदा चिरायला घेतला आणि हे बघतच राहिले. मला स्वतःला तो बदल जाणवला नव्हता. तेव्हा भावाला ‘बरं वाटतं का’ असं रोज विचारू नका. तो दाढी करतो का, ताट स्वतः उचलतो का, हे बघा.

पूर्ण बरी झाले असं म्हणणार नाही. साठ-सत्तर टक्के म्हणा. पुढच्या दिवाळीत पुन्हा खाली गेले, तेव्हा थोड्या बैठका परत घ्याव्या लागल्या आणि त्यांनी लवकर उपयोग झाला. स्मरणशक्तीला काही झालं नाही. इयत्ता दहावीचं भूमितीचं एकही प्रमेय विसरले नाही, हे तुमच्या आईंना नक्की सांगा.

भगताबद्दल मामांशी भांडू नका. आमच्या सासूबाईंनी कानबाईला नवस बोलला होता, मी नाही म्हटलं नाही. नवस आपल्या जागी, बैठक आपल्या जागी. फक्त बैठक चुकता कामा नये.

केळीबाग_यावल

ताई, मॅडम, खूप आभार. आईला वाचून दाखवलं, थोडी शांत झाली.

दोन गोष्टी राहिल्या. एक तो हेडसेट. दुसरी आधी लिहायची धास्ती वाटत होती. परवा दादा वहिनीला म्हणाला, ‘मी नसतो तर तुमचं बरं झालं असतं.’ शेतातल्या खोलीकडे एकटाच जाऊन बसतो. पुण्याची तारीख मिळेपर्यंत काय करू?

पारोळ्याची_लेक

दादा, दुसरी गोष्ट आधी. पुण्याच्या तारखेची वाट बघू नका. आज, आत्ता, जळगावच्या डॉक्टरांना फोन करा आणि हेच वाक्य जसंच्या तसं सांगा. फोन लागला नाही तर जिल्हा रुग्णालयात घेऊन जा. रात्री-अपरात्री १४४१६ वर टेली-मानसला फोन करता येतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात. दादांना एकटं सोडू नका. शेतातल्या खोलीतली फवारणीची औषधं आजच दुसऱ्याच्या घरी हलवा, कुलूप लावून भागत नाही. आणि त्यांना सरळ विचारा, ‘जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का?’ विचारल्याने तसं मनात भरत नाही. उलट बोलायला वाट मिळते.

यामुळे उपचारही बदलू शकतो. आरटीएमएसला गुण यायला आठवडे लागतात. जीव धोक्यात असेल, खाणं-पिणं सुटलं असेल, तर डॉक्टर ईसीटी सुचवू शकतात. तसं झालं तर जंक्शनच्या काकांच्या साडूंची गोष्ट आठवून नकार देऊ नका. विसरण्याचा त्रास होतो, तो मुख्यतः उपचाराच्या आसपासच्या काळाचा असतो. पण असा माणूस वाचवायला त्याच्याइतकं जलद काम करणारं फार थोडं आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी देताच येत नाही. मी आरटीएमएसचं मशीन चालवते तरी हे सांगते, कारण यात कुठल्या मशीनची बाजू घ्यायची वेळ नाही.

हेडसेट म्हणजे टीडीसीएस. ओल्या स्पंजमधून अगदी सौम्य वीज, एक-दोन मिलिअँपियर. ठोके नाहीत, चुंबक नाही. त्यामुळे ‘तेच आहे’ हे चूक. अभ्यास दोन्ही बाजूंचे आहेत. जर्मनीतल्या २०२३ च्या चाचणीत गोळ्यांच्या जोडीला दिलेल्या टीडीसीएसचा खोट्या उपचारापेक्षा जास्त फायदा दिसला नाही. २०२४ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत १७४ जणांनी घरी दहा आठवडे वापरलं, तिथे फायदा दिसला. पण त्यांच्यावर संशोधकांची व्हिडिओवरून नजर होती. दादांसारख्या माणसाला मोबाइलवरून मागवलेला डबा एकट्याने लावायला देऊ नका.

पांझराकाठ

विषयाला धरूनच विचारतो, धुळ्याहून. वडील ७२ वर्षांचे, नावं विसरतात, तोच प्रश्न परत विचारतात. त्यांना याचा उपयोग होईल का?

पारोळ्याची_लेक

काका, स्मृतिभ्रंशावर याचं संशोधन चालू आहे, पण आज त्यासाठी पैसे खर्च करा असं मी म्हणणार नाही. आधी बी-बारा, थायरॉइड, साखर तपासा, ऐकू नीट येतं का ते बघा. उतारवयातलं डिप्रेशनही विसरण्याच्या रूपाने येतं, म्हणून मेंदूच्या डॉक्टरांसोबत मानसोपचार तज्ज्ञांनाही दाखवा. यातलं बरंचसं बरं होण्यासारखं असतं.

केळीबाग_यावल

ताई, डॉक्टरांशी बोललो, त्यांनी लगेच बोलावलं. दादाला सरळ विचारलं. आधी गप्प बसला, मग रडला, पण बोलला. तीन दिवस जळगावला भरती ठेवलं, औषध बदललंय. डॉक्टर म्हणाले ईसीटीची तयारी ठेवा, पण या आठवड्यात उतार पडला तर पुणे. फवारणीची औषधं सगळी चुलतभावाच्या घरी नेली. लागवड यंदा निम्मीच करायची ठरवलंय, उरलेल्या जागेत पिलबाग (जुन्या झाडांच्या पिलांवरचीच बाग) ठेवू, वहिनीचा भाऊ बघेल.

पुण्याला खोलीचं काय करावं?

अमळनेरच्या_मॅडम

केंद्रापासून चालत जाता येईल अशीच बघा, रिक्षात रोज पैसे जातात आणि गर्दीत माणूस दमतो. स्वयंपाकाची सोय असलेली घ्या. बाहेरचं जेवण तुमच्या भावाला चार दिवसांत नकोसं होईल. कळण्याचं पीठ सोबत न्या. आम्ही राहिलो होतो त्या मालकीणबाईंना आधी विचारते, त्यांनी हो म्हटलं की नंबर खासगी निरोपात पाठवते. तुम्ही की वहिनी, सोबत कोण राहणार तेवढं कळवा, वहिनी असतील तर मालकीणबाई वेगळी खोली देतात.