मदत हवी आहे: सूर्यास्त ते रात्र अशा सलग टाइम-लॅप्ससाठी एक्स्पोजर कसे ठेवावे?

नमस्कार. सूर्यास्ताच्या थोडे आधीपासून पूर्ण अंधार पडेपर्यंत, म्हणजे साधारण दोन तासांचा सलग टाइम-लॅप्स (ठरावीक अंतराने काढलेली छायाचित्रे जोडून केलेला वेगवान व्हिडिओ) टिपण्याचा माझा प्रयत्न सुरू आहे. दर ५ सेकंदांना एक याप्रमाणे १,४४० छायाचित्रे मिळतात आणि सेकंदाला २५ फ्रेम धरल्यास सुमारे ५८ सेकंदांचा व्हिडिओ तयार होतो. ट्रायपॉड, मॅन्युअल फोकस, स्थिर व्हाइट बॅलन्स (रंगछटेचे सेटिंग) आणि रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) ही पथ्ये मी पाळतो.

अडचण एक्स्पोजरची, म्हणजे छायाचित्र किती उजळ यावे याची आहे. ॲपर्चर प्रायॉरिटीमध्ये (भिंगाचे छिद्र आपण ठरवतो, शटरचा वेळ कॅमेरा ठरवतो) कॅमेरा प्रत्येक फ्रेमसाठी प्रकाश नव्याने मोजतो, त्यामुळे व्हिडिओ सारखा लुकलुकत राहिला. नंतर सर्व काही मॅन्युअल ठेवून शटर (प्रकाश आत येण्याचा वेळ) आणि आयएसओ (प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) एक तृतीयांश स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) हाताने बदलत गेलो, तर प्रत्येक बदलाच्या जागी उजेडाची पायरी दिसते (आणि एकदा ट्रायपॉडलाच धक्का लागला, तो दोष अर्थात माझा). या पायऱ्या नंतर सॉफ्टवेअरमध्ये सफाईने मिसळता येतात, की ॲपर्चर प्रायॉरिटीनेच टिपून लुकलुक नंतर काढणे अधिक शहाणपणाचे ठरेल?

दुसरा प्रश्न मध्यंतराचा, म्हणजे एका छायाचित्राच्या सुरुवातीपासून पुढच्याच्या सुरुवातीपर्यंतच्या वेळेचा. अंधारात शटर १० सेकंदांपर्यंत उघडे ठेवावे लागते, तेव्हा ५ सेकंदांचे मध्यंतर चालत नाही. ते मध्येच वाढवले, तर ढगांचा वेग एकदम बदललेला जाणवतो. सुरुवातीपासूनच १२ सेकंद ठेवल्यास फक्त ६०० फ्रेम, म्हणजे २४ सेकंद हाती येतात, शिवाय ढगही उड्या मारत जातात. आयएसओ वाढवून शटर ४ सेकंदांवरच रोखावे का? असे चित्रीकरण केलेल्यांनी आपली सेटिंग्ज कृपया सांगावीत.