गाडी गरम झाली की ऑटोमॅटिक गिअर उशिरा पडायलाय, घरीच उघडू का?

परभणीकर_शेती
नमस्कार मंडळी, जरा मदत पायजे. माझ्याकडं जुनी घेतलेली डिझेल सेडान आहे, 2013 चं मॉडेल, 6 स्पीड ऑटोमॅटिक, टॉर्क कन्व्हर्टरवाली (म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारी), 1 लाख 18 हजार किमी झालेत. सकाळी थंड असली की काहीच त्रास नाही पण परळीला सासुरवाडीला निघालो की गंगाखेडच्या पुढं गेल्यावर सुरू होतं. रेल्वे गेटला थांबून परत डी मध्ये (पुढं जायच्या गिअरला) टाकलं की दोन सेकंद गाडी हलतच नाही, इंजिन नुसतं रेस घेतं अन मग धाडकन झटका देऊन निघते. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना पण झटका. चेक लाईट एकदा लागली, दोन दिवसांनी आपोआप गेली. सर्व्हिस सेंटरला दाखवली तर त्यांनी गाडी वर सुद्धा न उचलता पूर्ण गिअरबॉक्स बदला म्हणून 2 लाख 30 हजाराचं एस्टिमेट हातात दिलं, अन गाडीच मी 3 लाख 10 हजाराला घेतली होती. पेरणी तोंडावर आलीय, एवढा पैसा कुठून काढू. घरी शेड आहे, चेन पुली आहे, पान्यांचा सेट आहे, ट्रॅक्टरची क्लच प्लेट मी अन चुलतभावानं दोनदा बदललीय. गिअरबॉक्स खाली उतरवून उघडावा म्हणतोय. कुणी घरी केलंय का? खरं खरं सांगा.

वाळूजचा_फिटर
भाऊ थांबा, खाली उतरवू नका. मी 14 वर्षं हेच काम करायलोय म्हणून कळकळीनं सांगतो. ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स अन हा यात जमीन अस्मानाचा फरक आहे. तुमच्या गिअरबॉक्सात ऑइल नुसतं वंगण नाही, तेच प्रेशर बनवतं, त्याच प्रेशरनं आतल्या क्लच प्लेटा दाबल्या जातात अन गिअर पडतो. ऑइल कमी झालं की पंप हवा ओढतो, फेस होतो, प्रेशर मिळत नाही, मग डी टाकल्यावर दोन सेकंद गाडी हलत नाही. गरम झालं की ऑइल अजून पातळ होतं म्हणून तुम्हाला गंगाखेडच्या पुढंच त्रास होतो. मी तरी आधी ऑइलवरच संशय घेईन. "लाईफटाइम ऑइल" लिहिलंय म्हणून कुणी बदलत नाही, अन 1 लाखाच्या वर गेलेल्या गाड्या याच तक्रारीनं येतात.

आधी ऑइल बघा. लाल असलं तर चांगलं. तपकिरी-काळं अन करपल्याचा वास असला तर प्लेटा जळायल्यात. गुलाबी दुधासारखं दिसलं तर रेडिएटरमधून कूलंट मिसळलंय, मग गाडी एक किमी पण चालवू नका. चेंबरमध्ये (गिअरबॉक्सच्या खालच्या ऑइलच्या ताटात) लोहचुंबक असतो, त्याच्यावर करड्या रंगाची मऊ पेस्ट असली तर घाबरू नका, तेवढी झीज चालते. बोटाला टोचणारे चमकदार कण निघाले तर मात्र आतलं काम आहे.

अन चेक लाईट आपोआप गेली तरी कोड आत राहतो बरं का. साध्या डोंगलला (गाडीला लावून मोबाईलवर कोड बघायचं छोटं यंत्र) बऱ्याचदा फक्त पी 0700 दिसतो, त्याचा अर्थ एवढाच की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरकडं काहीतरी तक्रार आहे. खरा कोड बघायला गिअरबॉक्सचं मॉड्यूल वाचणारा स्कॅनर लागतो, गावातल्या वायरिंगवाल्याकडं असेल तर त्याला 500 रुपये द्या पण कोड काढून घ्या.

मांजराकाठ
मी लातूरला घरीच ऑइल बदललं होतं, मागच्या वर्षी, त्यातल्या चुका सांगते म्हणजे तुम्ही करणार नाहीत. पहिली गोष्ट, खालचा ड्रेन बोल्ट उघडायच्या आधी वरचा भरायचा बोल्ट उघडतो का ते बघा. मी आधी सगळं ऑइल काढलं अन मग वरचा बोल्ट जाम, निघेचना, गाडी चार दिवस अंगणात उभी. दुसरी चूक चेंबरचे बोल्ट मी ताकदीनं आवळले अन एकाचे आटे गेले. ते बोल्ट अगदी हलके असतात, बहुतेक ठिकाणी 10-12 न्यूटन मीटर, टॉर्क पाना नसेल तर भाड्यानं आणा पण अंदाजानं आवळू नका, अल्युमिनियम आहे ते. अन तिसरी गोष्ट आठवली की अजून अंगावर काटा येतो, जॅकवर गाडी अन खाली विटा लावल्या होत्या, वीट फुटली. मी नुकतीच बाहेर आले होते. विटा, सिमेंटचे ब्लॉक यांच्या भरवशावर खाली जाऊ नका हो, चार घोड्या (गाडीखाली लावायचे लोखंडी स्टँड) घ्या.

गोदातीर_नांदेड
फिटरदादांच्या सांगण्यात एक भर घालतो. गाडी शेडमध्ये उभी असते म्हणताय, तिथं सोयाबीन कापूस ठेवता का? तसं असेल तर उंदीर येणारच. माझी एएमटी आहे, तिला असंच गिअर अडकायचं, बघितलं तर गिअरबॉक्सकडं जाणारी वायर कुरतडलेली, 300 रुपयात काम झालं. एएमटी अन तुमचा गिअरबॉक्स वेगळा हे मान्य, एएमटीत मॅन्युअलच गिअरबॉक्स असतो, फक्त क्लच दाबायचं अन गिअर टाकायचं काम मशीन करतं, पण वायर दोन्हीकडं आहेच. बॅटरी पण मोजा. व्होल्टेज पडलं की हे कॉम्प्युटर काहीबाही करतात.

परभणीकर_शेती
सगळ्यांचे मनापासून आभार. वायर बघितली, धड आहे. कोड काढला, गिअर रेशो चुकतोय असा काहीतरी आला, पी 0730. फिटरदादा, माझ्या गाडीला डिपस्टिकच (ऑइल मोजायची पट्टी) नाही, लेव्हल बघायची कशी? अन व्हॉल्व्ह बॉडी (ऑइलचं प्रेशर कुठल्या क्लचला द्यायचं ते ठरवणारा भाग) तरी घरी उघडू का, व्हिडिओत सोपं वाटायलंय.

वाळूजचा_फिटर
व्हॉल्व्ह बॉडी नका उघडू. आत बारीक स्टीलच्या गोळ्या असतात, उघडली की पडतात, अन कोणती कुठली हे नंतर कळत नाही. साध्या फडक्यानं पुसलं तरी त्याचा एक धागा व्हॉल्व्ह अडकवायला पुरतो. अन गिअरबॉक्स उतरवायचं तर डोक्यातून काढूनच टाका, ऐंशी-नव्वद किलोचं धूड आहे, परत चढवताना टॉर्क कन्व्हर्टर पंपात पूर्ण बसला नाही अन बोल्ट आवळले तर पंपच फुटतो. चांगला गिअरबॉक्स अशानं गेलेला मी पाहिलाय.

लेव्हल अशी बघा. गाडी चारही घोड्यांवर, एकदम सपाट. इंजिन चालू, ब्रेक दाबून पी आर एन डी (पार्क, रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह) प्रत्येकात चार-पाच सेकंद, मग परत पी. ऑइलचं तापमान स्कॅनरवर बघायचं, बऱ्याच गाड्यांत 35 ते 45 डिग्रीच्या दरम्यान लेव्हलचा बोल्ट उघडायचा असतो, तुमच्या मॅन्युअलमधला आकडा पक्का धरा. बारीक धार आली पायजे, मग थेंब थेंब व्हायला लागलं की बंद. काहीच नाही आलं तर ऑइल कमी आहे. अन परभणीत मे महिन्यात दुपारी उन्हात उभ्या गाडीचं ऑइल इंजिन चालू न करताच तेवढं गरम असतं, म्हणून हे काम पहाटे पाचला करा, दिवसा केलं तर लेव्हल चुकेल. ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच, दुकानदार "सगळ्या ऑटोमॅटिकला चालतं" म्हणून डबा देईल तो घेऊ नका. एका वेळी साधारण निम्म्याच्या आत जुनं निघतं, बाकी कन्व्हर्टरमध्ये राहतं, म्हणून 500 किमी चालवून परत एकदा बदला.

मांजराकाठ
काढलेलं ऑइल मापून ठेवा हं, लिटरच्या बाटल्यांत भरून. माझ्याकडून तेच राहिलं होतं.

परभणीकर_शेती
उशीर झाला सांगायला, पेरणीत होतो. पहाटे केलं. लेव्हलचा बोल्ट उघडला, एक थेंब आला नाही. ड्रेन केलं तर 2 लिटर 400, मॅन्युअलप्रमाणे 3 च्या वर निघायला पायजे होतं. काळपट होतं पण करपलेलं नाही. चुंबकावर पेस्टच होती, कण नाहीत. खाली पडूनच दिसलं की डाव्या एक्सलच्या सीलपासून ओलं आहे, त्यावर मातीचा थर बसलेला, म्हणून थेंब जमिनीवर कधी दिसलाच नाही. सील इथल्या मेकॅनिकनं बदललं, 1100 रुपये मजुरीसकट. ऑइल दोनदा बदललं. डी मध्ये टाकल्यावरचा थांबा गेला, परवा भर दुपारी परळीला जाऊन आलो, गेटला दोनदा थांबलो, लगेच निघाली. दुसऱ्या तिसऱ्यातला झटका थोडा आहे अजून.

वाळूजचा_फिटर
लई बरं वाटलं वाचून. उरलेल्या झटक्यासाठी स्कॅनरवरून गिअरचं लर्निंग (कॉम्प्युटरनं गिअर टाकायची लावून घेतलेली सवय) रीसेट करा अन नंतर पन्नास किमी हलक्या पायानं चालवा. तरी राहिला तर सोलेनॉइड (ऑइलची वाट उघडझाक करणारे विजेचे व्हॉल्व्ह) तपासायला माझ्याकडं घेऊन या. तोपर्यंत गाडी कधी बंद पडली तर पुढची चाकं जमिनीवर ठेवून टोचन करू देऊ नका, इंजिन बंद असलं की पंप फिरत नाही, आत कोरडं घासतं. गाडी उचलून ठेवणारा ट्रकच बोलवा.

परभणीकर_शेती
हो दादा. पाऊस थांबला की येतो.