तिखाडी, रोशा आणि गवती चहा : कोणतं नाव कुणाचं?

विचारणा (महाल, नागपूर)

आमच्या आजीच्या तोंडी 'तिखाडीचं तेल' कायम असायचं. परवा जडीबुटीच्या दुकानात तिखाडी मागितली, तर 'रोशाचं तेल' म्हणून बाटली मिळाली. शेजारचं गिऱ्हाईक म्हणे, हा तर गवती चहाच! तिन्ही एकच का? आणि 'तिखाडी' शब्द आला कुठून?

उत्तर (धंतोली)

ताई, तिखाडी आणि रोशा एकच, एक सुगंधी गवत. गवती चहा त्यांचा चुलतभाऊ. वनस्पतिशास्त्रातला वंश एक, सिंबोपोगॉन. रोशा म्हणजे सिंबोपोगॉन मार्टिनी, गवती चहा म्हणजे सिंबोपोगॉन सिट्रेटस. पातं चुरगाळून हुंगा, वाद मिटतो. लिंबाचा वास आला तर गवती चहा, कारण त्यात सिट्रल असतं. गुलाबाकडे झुकणारा गोडसर वास आला तर रोशा. त्याच्या तेलात तीन चतुर्थांशाच्या आसपास जिरॅनिऑल असतं, आणि गुलाबाच्या सुगंधातही तेच द्रव्य आहे.

या गुलाबी वासापायी रोशाने मोठा प्रवास केला. खानदेश, निमाड, बैतूल, मेळघाट या पट्ट्यात ओढ्याकाठी भट्ट्या लावून तेल काढत. ते मुंबईहून जहाजाने कॉन्स्टँटिनोपलला जाई आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरलं जाई. युरोपात त्याला 'तुर्की जिरॅनियम तेल' म्हणत. तेल ना तुर्कस्तानचं, ना जिरॅनियमचं! सातपुड्यातल्या गवताचं नाव असं पुसलं गेलं याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणूनच आपल्याकडचा 'तिखाडी' हा शब्द टिकावा असं वाटतं.

व्युत्पत्तीबद्दल : 'रोशा' हा संस्कृत 'रोहिष'वरून आला. मधला ह गळून रोहिष, रोईस, रोसा अशी वाट सहज दिसते. 'तिखाडी'त मला 'तिख' म्हणजे तिखटच दिसतं.

पुरवणी (काटोल रोड)

काका, तुमचं बरोबर आहे. शेतीतला फरक मी सांगतो. गवती चहाला सहसा फुलोरा येत नाही, म्हणून तो ठोंब फोडून लावतात. तिखाडी बियांवर येते. बी फार बारीक. आधी रोपं करायची आणि पाऊस धरला की लावायची. मुरमाड, उताराची, पाणी न साचणारी जमीन तिला मानवते. कापणी फुलोऱ्यावर असताना, कारण तेल पात्यात असतं तसं फुलोऱ्यातही असतं. मग वाफेवर ऊर्ध्वपातन करून तेल काढायचं. एकदा लावली की काही वर्षं खोडवा, म्हणजे कापलेल्या ठोंबाला पुन्हा फुटणारं पीक, घेता येतो. निबर झाल्यावर गुरं तिला फारसं तोंड लावत नाहीत, हे जंगलाला लागून शेत असणाऱ्याला मोठं सुख.

बी घेताना 'मोतिया' की 'सोफिया' हे जरूर विचारा. दोन्ही रोशाच, पण गुलाबी वासाचं चढ्या भावाचं तेल मोतियाचं. सोफियाच्या तेलाला बाजारात 'जिंजरग्रास' म्हणतात, त्याचा वास उग्र.

विचारणा (महाल)

रोहिष आणि आपल्याकडची 'रोही', म्हणजे नीलगाय, यांचा काही संबंध?

उत्तर (धंतोली)

चांगलं विचारलंत. अमरकोशात हरणांच्या यादीत 'रोहित' आहे आणि 'रोहित' म्हणजे तांबडा. नीलगाईची मादी तांबूस-पिंगट असते, पिकलेल्या तिखाडीचे दांडेही लालसर होतात. एकाच रंगावरून दोन्ही नावं पडली असावीत, असं मला पटतं. मात्र रोही हे गवत खाते म्हणून ते रोहिष, असं कुणी जुळवून सांगितलं तर मानू नका.

वापराचं म्हणाल, तर माझी आत्या सांगायची : "हे चहात टाकाचं नाही, हे गुडघ्याले लावाचं." खोबरेल किंवा तिळाच्या तेलात थोडे थेंब मिसळून सांध्यांना चोळायचं, नुसतं लावलं तर कातडी चुरचुरते. डासांसाठीही जुने लोक हेच अंगाला लावत. गवती चहा मात्र आल्यासोबत खुशाल उकळा. तेव्हा दुकानात नुसतं 'गवताचं तेल' मागू नका. 'तिखाडीचं' म्हणा, आणि न कळल्यास 'रोशाचं, मोतिया'.