पब्लिक हसलं म्हणजे सिनेमा कळला नाही?

पिलबाग (रावेर तालुका):
रविवारी जळगावात कॉलेजच्या सभागृहात एका सिनेमाचा प्रदर्शनापूर्वीचा खेळ झाला. त्यावर 'तिसरी रांग' यांनी काल इथे लिहिलं: "खान्देशी पब्लिकची लायकी नाही. गंभीर प्रसंगाला हसतात, पडद्याशी बोलतात, निम्मे उठून जातात. असे सिनेमे पुण्या-मुंबईतच दाखवावेत." ते वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

जे आले नव्हते त्यांच्यासाठी गोष्ट सांगतो. रावेरकडचा एकटा केळीवाला. आई वारलेली. रात्री बाराला शेतीची थ्री फेज लाईट आली की विहिरीतल्या मोटारीतून त्याला आईचा आवाज येतो. लाईट गेली की आई गेली. गाणं नाही, मारामारी नाही. एक बकरी आहे, तिच्यासाठी ओट्यावर रोज खुर्ची मांडतो. का ते सिनेमा शेवटपर्यंत सांगत नाही.

आता लोक कुठे हसले ते ऐका. तो अंधारात बॅटरी घेऊन पळत येतो, स्टार्टर दाबतो, ट्रिप. पुन्हा दाबतो, ट्रिप. मग पायातली चप्पल काढून पेटीला हाणतो आणि लगेच त्याच पेटीला हात जोडतो. अख्खा हॉल हसला, मीही हसलो. हे सगळं मी स्वतः केलेलं आहे, कित्येकदा. आपल्या घरातली गोष्ट पहिल्यांदा पडद्यावर दिसली की माणूस हसणारच.

आणि त्यानंतर मोटार धरली, हुंकार आला, आई म्हणाली, "पानी उनं का रे भाऊ?" (पाणी आलं का?) तेव्हा हॉलमध्ये कोण हसलं? माझ्या शेजारच्या बाबांनी डोक्यावरची टोपी काढली आणि गुडघ्यावर धरून बसले. त्यांनी ती परत घातली ते दिवे लागल्यावर. तिसऱ्या रांगेतून मागचं कसं दिसणार?

पडद्याशी बोलण्याचं म्हणाल, तर आपल्याकडे सोंगाड्या पार्टीच्या लोकनाट्यात सोंगाड्या प्रश्न टाकतो आणि पब्लिक उत्तर देतं. भोवाड्यात, म्हणजे मुखवट्यांच्या खेळात, सोंग अंगावर धावून आलं की पोरं ओरडतात. उत्तर मिळालं नाही तर कलाकाराला वाटतं, आपलं काहीतरी चुकलं. त्या सवयीला लायकी नाही म्हणू नका.

तिसरी रांग:
'लायकी' हा शब्द रागात गेला, मान्य. बाकी एक अक्षर मागे घेत नाही.

सोंगाड्या समोर उभा असतो, तो तुमच्या उत्तरावर पुढचं बोलतो. पडदा थांबत नाही. त्या सिनेमात मोटारीच्या घरघरीखाली श्वासाचा आवाज मिसळलाय. आई बोलायच्या आधी दहाबारा सेकंद तो श्वास वाढत जातो. किती जणांना ऐकू आला? माझ्या मागचा गृहस्थ तेव्हा "आरे फ्यूज पाह्य, फ्यूज" म्हणत होता. तीन वेळा फोन वाजले, एकानं उचलून "पिच्चरमध्ये आहे" असं सांगितलंसुद्धा.

आणि भरताचा प्रसंग! चार मिनिटं तो वांगं भाजतो, एक शब्द नाही. एकजण ओरडला, "गॅसवर?" आणि सगळे खदाखदा. दिग्दर्शिका पुढच्याच रांगेत होती. तिनं मान खाली घातली ती मी पाहिली. मी पुण्याहून दोन मित्रांना मुद्दाम बोलावलं होतं. त्यांच्यासमोर मान वर करता येईना.

बडजी (भुसावळ):
"गॅसवर?" म्हणून ओरडणारा माझा भाऊ होता आणि त्याचं काही चुकलं नाही. रावेरचा शेतकरी, दारात कपाशीच्या काड्यांचा ढीग दिसतो, आणि वांगं गॅसवर? आमच्याकडे काड्यांवर भाजतात, बडजीत, म्हणजे लाकडी भांड्यात, मिरची-लसणासोबत ठेचतात. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, आणि सिनेमावाल्यांना ते भाजतात कसं हे माहीत नाही! त्यानं तर स्टीलच्या वाटीत चमच्यानं कालवलं. कुणाला तरी विचारायचं होतं.

पिलबाग:
ताई, इथे मात्र तुमचं पटलं नाही. काड्या दारात आहेत आणि तरी तो गॅसवर भाजतो, हेच तर दाखवायचंय. काड्यांवर भरीत एका माणसाचं होत नाही. एक वांगं भाजायला कोण जाळ करतं? बडजी मागच्या फळीवर पालथी दिसते, धूळ बसलेली. आई गेल्यावर आमच्या घरची बडजी तशीच होती दोन वर्षं.

बडजी:
फळीवरची बडजी मला दिसली नाही. असेल. तरी मिरची कच्ची घातली त्यानं, ते चूकच.

भालोदकर:
वांगं राहू द्या. मोठी चूक कुणालाच दिसली नाही? रावेर-यावलची बाई "पानी उनं" कशी म्हणेल? आमच्याकडे "पानी आलं". आमची लेवा गणबोली, कुणी तावडी म्हणतं. "उनं" अहिराणी आहे. बाहेरच्यांना खान्देश म्हटलं की सगळं एकच वाटतं. बहिणाबाईंचं तेच केलं. असोद्यात 1880 ला जन्मलेली बाई, सासर जळगाव, आणि ज्याला त्याला त्यांची कविता अहिराणी वाटते. 2018 मध्ये जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं, तेव्हाही भाषणांत हेच ऐकलं. त्यांच्या ओळींत 'आहे'ला 'शे' म्हणतात का, वाचून बघा एकदा.

पांझराकाठ (धुळे):
भाऊ, बहिणाबाई तुमच्या, कोणी नेत नाही. पण अहिराणी आली की तुम्हाला विटाळ झाल्यासारखं का होतं? भाषांचं सर्वेक्षण करणाऱ्या ग्रिअर्सननं 1907 मध्ये खान्देशीला (अहिराणी त्यातच येते) मराठीत न घालता भिल्ल भाषांच्या खंडात टाकलं, जनगणनेत ती आजही मराठीपासून वेगळी मोजतात. 2011 ला 18 लाखांवर लोकांनी ती मायबोली सांगितली. आणि आमच्या पोरांना शाळेत 'शे' म्हटलं की छडी मिळायची. मी खाल्लीय. चौथीत, "मना पेन्सिल नही शे" म्हणालो म्हणून. आयुष्यात पहिल्यांदा गंभीर सिनेमात आई अहिराणी बोलली, विनोदी पात्र म्हणून नाही, आई म्हणून, आणि तुम्ही त्यात चुका काढा.

भालोदकर:
विटाळ वगैरे शब्द जपून वापरा. माझी बायको अमळनेरची आहे, घरात रोज अहिराणी ऐकतो. तुमची बोली दिसली याचा आनंद तुम्हाला, मग आमची पुसली गेली याचं दुःख आम्हाला नसावं?

बडजी:
तुमची बायको अमळनेरची, तशी सिनेमातली आई अमळनेरची, शिरपूरची नसेल कशावरून? सासरी येऊन चाळीस वर्षं झाली तरी बाई लेकराशी माहेरच्या बोलीतच बोलते. माझी आजी पारोळ्याची, मरेपर्यंत "उनं"च म्हणायची. आणि मुलगा तिला "आलं माय" असं उत्तर देतो, ते ऐकलं का?

भालोदकर:
मुलगा "आलं" म्हणतो हे खरं. मग माहेर एका वाक्यात सांगायला काय हरकत होती? तोवर मी चूकच धरतो.

तिसरी रांग:
बघा. वीस उत्तरांत सिनेमावर कोणी नाही. वांगं, बोली, छडी. मी हेच म्हणत होतो.

पांझराकाठ:
सर, आई कोणत्या बोलीत बोलते हा सिनेमा नाही, तर मग सिनेमा कशाला म्हणतात? मालेगावात जा. शुक्रवारी यंत्रमाग बंद असतात तेव्हा ते पब्लिक पिच्चर पाहायचं. आरडाओरडा करत पाहायचं. त्याच पब्लिकमधून घरचे पैसे घालून सिनेमे काढणारे निघाले. गप्प बसणाऱ्यांतून किती निघाले?

भालोदकर:
मालेगाव नाशिक जिल्ह्यात आहे.

पांझराकाठ:
जिल्हा नाशिक, बोली आमची. जाऊ द्या.

शेवटची एसटी:
मी इथे लिहीत नाही, वाचतो फक्त. मध्येच उठून गेलेल्यांत मी होतो आणि माझ्यासोबत आमच्या गावचे सहा जण. खेळ सहाचा होता, भाषणं होऊन सव्वासातला सुरू झाला. या आठवड्यात आमच्या फिडरला रात्रीची लाईट आहे. कांदेबागेच्या केळीला पाणी द्यायचं होतं. शेवटची गाडी चुकली असती तर पाणी राहिलं असतं. झाडं उन्हात माना टाकतात, 44 डिग्री चाललंय. दोन वर्षांपूर्वी माझ्या चुलत्यांना असंच रात्री मोटार चालू करायला जाताना पान लागलं, साप चावला. दवाखान्यात नेईपर्यंत गेले. सिनेमात एकदा तो बॅटरी न घेता बांधावरून पळतो तेव्हा मी "खाली पाह्य" म्हणालो. मोठ्यानं म्हणालो असेन. कुणाला त्रास झाला असेल तर माफी असावी.

शेवट काय झाला तेवढं कोणी सांगेल का? त्या रात्री बागेत उभा होतो तेव्हा डोक्यात तेच होतं.

तिसरी रांग:
"खाली पाह्य" मी ऐकलं होतं. तेव्हा चिडलो होतो. चुलत्यांचं वाचून वाईट वाटलं. लोक का उठले ते विचारायला हवं होतं, न विचारता लिहिलं ही माझी चूक. भाषणं लांबली, ती चूक आयोजकांची. फोन उचलणाऱ्याला मात्र मी माफ करणार नाही.

शेवट सांगतो. दिवसाची लाईट सुरू होते. तो सकाळी, उजेडात मोटार चालू करतो. ट्रिप होत नाही. आई बोलत नाही. पाट भरून पाणी वाहतं, बकरीच्या खुर्चीवर तो स्वतः बसतो आणि डोळे मिटतो. संपलं.

शेवटची एसटी:
म्हणजे झोप लागली त्याला. बरं झालं.