व्हीआरआरपीत प्रायॉरिटी ११० आणि ट्रॅकिंग लावलं तरी पुरत नाही

वर कुणीतरी म्हटलंय की मेन राउटरला ११० प्रायॉरिटी दिली (ज्याचा आकडा मोठा तो मास्टर, म्हणजे नेट त्याच्यातून जातं), बॅकअप १०० वर सोडला आणि लिंकला ट्रॅकिंग लावलं (लिंक पडली की प्रायॉरिटी आपोआप कमी होते) की व्हीआरआरपीचं, म्हणजे एक राउटर पडला की दुसऱ्याने काम घ्यायच्या सोयीचं, काम संपलं. ट्रॅकिंगचं बरोबर आहे, पण किती आकडा वजा होतो ते बघा राव! आमच्याकडे सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका चादरीच्या कारखान्यात हेच सेटिंग होतं. बाहेर जेसीबीने फायबर तोडली, बॅकअपचं नेट एकदम मस्त चालू, आणि तरी बिलिंगवाले बोंबलत बसलेले. कन्सोल लावून बघतो तर मेनवाला अजून मास्टरच, प्रायॉरिटी १००. म्हणजे ट्रॅकिंगने ११० मधून १० वजा केले, दोघं १००-१०० बरोबरीत आले, आणि बरोबरीत असला की बॅकअप उठतच नाही, कारण प्रीएम्प्ट (चालू मास्टरकडून ताबा काढून घ्यायची सेटिंग) चालू असला तरी त्याची प्रायॉरिटी मास्टरपेक्षा जास्तच लागते.

मग २० वजा करायला लावलं, मास्टर ९० वर आला आणि बॅकअपने लगेच ताबा घेतला. चाचणी करताना सगळे राउटरची पॉवर काढतात (आम्ही पण तेच केलेलं), त्यात मास्टर गप्पच होतो आणि बॅकअप ताबा घेतोच, म्हणून हे कधीच सापडत नाही, वॅनची (बाहेरच्या नेटची) वायर उपसून बघा.